डिग्रीशिवाय परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? मग हे वाचा!

दुसऱ्या वर्षाला मला ड्रॉप लागला. हॉस्टेलची खोली रिकामी केली, ट्रंक उचलली आणि श्रीवर्धनची एसटी पकडली. घरी वातावरण आधीच जड. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली होती. नवी रोपं लावली, पण सुपारी धरायला वर्षं जातात. त्यात हा मुलगा घरी बसलेला! अशा वेळी माणूस शॉर्टकट शोधतो. मलाही एक सापडला.

एका ओळखीतून एक एजंट भेटला. म्हणाला, “इंजिनीअरिंग सोड. तुझं इंग्लिश बरं आहे. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स कर, थायलंडला इंग्लिश टीचर म्हणून लावतो. डिग्री लागत नाही. दोन लाख भर.” आई गळ्यातलं मोडायला तयार झाली. बाबा मात्र एवढंच म्हणाले, “आधी नीट चौकशी कर, मग पैशाचं बघू.” ती चौकशी म्हणजे हा लेख. आपल्या विंगमध्ये केट्यांना कंटाळून असा विचार करणारे अजून दोघे-तिघे आहेत हे मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

सर्टिफिकेट म्हणजे नक्की काय?

‘टेफल’ म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा कोर्स. हे नाव कोणा एका संस्थेच्या मालकीचं नाही, त्यामुळे असं सर्टिफिकेट कोणीही छापू शकतो. जगभर मानले जाणारे कोर्स मुख्यतः दोन. केंब्रिजचा ‘सेल्टा’ किमान १२० तासांचा आणि ट्रिनिटीचा ‘सर्ट-टेसॉल’ किमान १३० तासांचा. दोन्हींत ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवावं लागतं आणि मागे बसून परीक्षक बघत असतो. गंमत म्हणजे, सेल्टाला डिग्रीची अट नाही. वय १८ पूर्ण, कॉलेजला प्रवेश मिळेल इतकं शिक्षण आणि उत्तम इंग्रजी असलं की अर्ज करता येतो.

म्हणजे एजंट खरं बोलत होता? अर्धंच!

कोर्स वेगळा, व्हिसा वेगळा

आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक आळीत कोणी ना कोणी बोटीवर असतो. त्याला विचारा. एसटीसीडब्ल्यूचे कोर्स केले म्हणून कोणी बोटीवर चढवत नाही, सीडीसी लागते. इथेही तसंच. सर्टिफिकेट तुम्हाला शिकवायला शिकवतं, पण कामाचा व्हिसा त्या देशाचं सरकार देतं. आणि सरकार विचारतं डिग्री.

जपानच्या ‘जेट’ योजनेला पदवी हवी. चीन, व्हिएतनाम आणि थायलंडच्या शाळांतही शिक्षकाला पदवी लागते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा तर पदवी असूनही फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. आखातातल्या भारतीय शाळा पदवीबरोबर बी.एड. मागतात.

पदवी न मागणारे देश अगदीच नाहीत असं नाही. कंबोडियात आणि लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी अशी कामं मिळतात. पण पगार कमी, आणि तिथेही आधी पासपोर्ट कुठला ते बघतात. ‘डिग्रीची गरज नाही’ ही जाहिरात बहुतेक वेळा इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या पोरांसाठी लिहिलेली असते. आपण ती आपल्यासाठी समजतो, तिथेच फसतो.

आणि आता खरी गोष्ट. जपान, व्हिएतनामसारखे देश पदवी इंग्रजीचीच मागत नाहीत, कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे मेकॅनिकलची बी.ई.सुद्धा! जी डिग्री सोडून मी निघालो होतो, तीच तिथे मागत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

(डिप्लोमावाल्यांनी लक्षात ठेवावं : डिप्लोमा ही पदवी नव्हे, पण थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इंजिनीअरिंग खरंच झेपत नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. मात्र दूरशिक्षणाची पदवी ज्या देशात जायचं तिथे चालते का, हे आधी विचारा.)

एजंटला विचारायचे तीन प्रश्न

१) तुमचा परवाना क्रमांक काय? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने सक्तीची आहे. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर नाव तपासता येतं.

२) फी किती? नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन.

३) निघण्यापूर्वी करारपत्र आणि कामाचा व्हिसा हातात देणार का? ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ’ असं म्हणाला की उठून बाहेर या. थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय मुलांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता.

मी हे तीन प्रश्न फोनवर विचारले. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

वर्ष मात्र फुकट गेलं नाही

ड्रॉपच्या वर्षात मी आळीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. पहिल्या आठवड्यात “समजलं का?” विचारलं की सगळे “हो सर!” म्हणायचे, आणि वहीत सगळं चूक. मग कळलं की प्रश्नच चुकीचा आहे. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ शिकवल्यावर “समजलं का?” नाही, तर “किल्ली आत्ता त्याच्याकडे आहे का?” असं विचारायचं. उत्तरावरून लगेच कळतं कोणाला काय समजलंय. तीच युक्ती मी स्वतःवर थर्मोला वापरली. निम्मं पुस्तक मला ‘समजलं’ होतं, म्हणजे समजलं नव्हतं!

केट्या सुटल्या. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे, आणि परदेशात शिकवायला जायचं अजूनही डोक्यात आहे. फक्त क्रम बदलला : आधी डिग्री, मग सेल्टा, मग व्हिसा. आईचं गळ्यातलं तिच्या गळ्यातच आहे.

मित्रांनो, शिकवायला जरूर जा. पण जाताना डिग्री बरोबर घेऊन जा!

– एक ‘ड्रॉप’वाला, तृतीय वर्ष, मेकॅनिकल