रक्ताचा फोड कुणाला फोडू देऊ नका

दुकानाचं शटर ओढताना बोट पट्ट्यांमध्ये सापडलं. कातडी फाटली नाही, पण बघता बघता हरभऱ्याएवढा काळा-जांभळा फोड टरारून आला. मी बोट नळाखाली धरलं होतं, तोच शेजारचे दुकानदार आले. "नासकं रक्त आहे, काढलं नाही तर बोट सडेल!" मी "राहू द्या काका" म्हणतोय तोवर त्यांनी मनगट धरून सेफ्टी पिन खुपसलीसुद्धा. दाबून दाबून रक्त काढलं आणि वर डबीतला चुना फासला.

पुढे बोट सुजलं, ठणक्यानं झोप उडाली. डॉक्टरांनी दाबताच पू आला. "हा फोडला कुणी?" एवढंच त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग, सगळं माझ्याच माथी. आणि काका काय म्हणाले? "तुम्हाला शुगर असेल." मला शुगर नाही. रिपोर्ट आहेत माझ्याकडे.

ते रक्त नासकं नसतंच. चिमटा बसला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त शाबूत कातडीखाली साठतं. ती कातडीच जंतूंना अडवते. हात लावला नाही तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत फोड आपोआप सुकतो.

म्हणून सांगतो, अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा, थेट कातडीवर नको. हात उंच ठेवा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन नको, तिनं रक्तस्राव वाढतो. फोड आपणहून फुटला तर साबण-पाण्यानं धुवा, सुटलेली कातडी ओढू नका, न चिकटणारी पट्टी बांधा. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. स्वच्छता पाळा.

पू, वाढती लाली, वर चढणारी लाल रेघ, ताप यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधीच दाखवा. नखाखाली रक्त साकळून ठणकत असेल तर ते डॉक्टरच काढतील. मार न लागता असे फोड वारंवार येत असतील तर तेही तपासून घ्या.

आणि कुणी पिन घेऊन आलं तर हात मागे घ्या, वयाची भीड धरू नका. त्यांना राग आला तर येऊ दे. बोट आपलं असतं, ठणका आपल्यालाच सोसावा लागतो.