त्तोकबोक्की आतून कडक का राहते?

प्रश्न : तयार कोरियन तांदळाच्या कांड्या आणून त्तोकबोक्की केली. कांड्या आतून कडक राहिल्या, रस्सा पाणचट झाला. आम्ही शाकाहारी आहोत. काय करावे?

उत्तर : फ्रिजमध्ये शिजलेल्या तांदळातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून कांड्या थेट रश्श्यात टाकू नका. आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा.

मूळ रस्सा सुक्या मासळीचा आणि समुद्री शेवाळाचा असतो. तुम्ही शेवाळ आणि सुके शिताके मशरूम उकळून घ्या. ४०० ग्रॅम कांड्यांना तीन कप पाणी, तीन मोठे चमचे गोचुजांग (आंबवलेली कोरियन मिरची पेस्ट), एकेक चमचा सोया सॉस, साखर आणि मिरचीपूड. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे, झाकण न ठेवता, ढवळत राहा. कांड्या तळाला फार लवकर धरतात. त्यांचाच स्टार्च रस्सा दाट करतो, त्यामुळे कॉर्नफ्लोअर अजिबात नको. निवताना तो आणखी आळतो, म्हणून थोडा सैल असतानाच गॅस बंद करा. कोबी, कांद्याची पात शेवटी घाला.

कोरियन मिरचीपूड नसेल तर बेडगी चालेल, लवंगी नको. गोचुजांगला मात्र पर्याय नाही. आंबवलेल्या सोयाबीनची ती खोल चव शेजवान चटणीत येत नाही.

मुलांना तिखट सोसत नसेल तर सोया सॉस, तीळतेल आणि भाज्यांची राजदरबारी पद्धत करा. ती जुनी आहे. सोलच्या शिंदांग-दोंग भागातली लाल, तिखट त्तोकबोक्की मात्र १९५३ नंतरची मानतात.