चेहऱ्याचा आकस्मिक पक्षघात

चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते, एक डोळा मिटत नाही, हसताना तोंड एका बाजूस ओढले जाते. ही व्याधी मुलांनाही होते. चेहऱ्याचे स्नायू हालविणारा मज्जातंतू कानाजवळील हाडाच्या अरुंद नलिकेतून जातो. तेथे तो सुजला, म्हणजे त्या बाजूचे स्नायू लुळे पडतात. चार्लस बेल यांनी १८२१ साली या मज्जातंतूचे कार्य वर्णिले; म्हणून यास ‘बेलचा पक्षघात’ म्हणतात.

यात बाधित बाजूच्या कपाळास आठ्या घालता येत नाहीत. कपाळ हालते, परंतु तोंड वाकडे होते, हात दुर्बल होतो वा वाचा अडखळते, तर तो बहुधा मेंदूचा झटका होय. अशा वेळी १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. निदान मात्र वैद्यानेच करावयाचे असते.

प्रौढांस प्रेडनिसोलोन हे औषध ७२ तासांच्या आत सुरू केल्यास विशेष गुण येतो. मुलांचे उपचार वैद्य ठरवितात. दृष्ट काढण्यात हा काळ दवडू नये. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळास इजा होते. यास्तव वैद्यांच्या सल्ल्याने डोळ्यात थेंब घालावेत व रात्री पापणी मिटवून पट्टी लावावी. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. तोवर वर्गात अशा मुलाची थट्टा होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.