फिशटँकचा उजेड निळा करायचाय? आधी दिव्यात काय आहे ते पाहा

फिशटँकला छान निळसर उजेड हवा, असं बऱ्याच जणांना वाटतं. रंग बदलणारे तयार दिवे महाग असतात. मग स्वस्तातला उपाय सुचतो: आकाशकंदिलाला लावतो तसला निळा जिलेटिन पेपर दिव्याखाली चिकटवायचा. मीही तेच केलं होतं. उजेड निळा झाला खरा, पण टाकी अंधारून गेली आणि निऑन टेट्रा माशांचा लालभडक पट्टा काळपट दिसू लागला. मासे आजारी पडले असं वाटून मी घाईघाईने पाणीही बदललं. मासे ठणठणीत होते. चुकलं होतं ते माझं प्रकाशाचं गणित.

रंगीत कागद प्रकाशात कुठलाही रंग मिसळत नाही. तो फक्त काही रंग काढून घेतो. निळा कागद निळा प्रकाश जाऊ देतो आणि लाल-पिवळा बराचसा शोषून घेतो. माशाच्या लाल पट्ट्यात लाल रंगद्रव्य असतं. त्याच्यावर लाल प्रकाश पडलाच नाही, तर ते परत काय पाठवणार? म्हणून तो काळा दिसतो. निळ्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे निळं रंगद्रव्य नसतं. त्वचेतल्या ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकांवरून निळा प्रकाश परावर्तित होतो, त्यामुळे तो पट्टा निळ्या उजेडातही चमकत राहतो.

आता दिव्याकडे वळू. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते. तिचा प्रकाश साधारण 450 नॅनोमीटरचा. (हा निळा एलईडी बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) चिपवर फॉस्फरचा थर असतो. तो काही निळ्या प्रकाशाचं रूपांतर पिवळ्या-लालसर प्रकाशात करतो आणि मिश्रण आपल्याला पांढरं दिसतं. दिव्याच्या खोक्यावर 2700 के किंवा 6500 के असं लिहिलेलं असतं. 2700 वाल्या पिवळसर दिव्यात निळा भाग कमी, 6500 वाल्यात जास्त. माझा दिवा 2700 चा होता. थोड्याशा निळ्यातून बाकी सगळं काढल्यावर अंधारच उरणार!

हे घरी पाहता येतं. जुनी सीडी घ्या, दिव्याचा उजेड तिच्यावर तिरका पडू द्या आणि दिसणारे रंगांचे पट्टे बघा. मग दिव्याच्या आणि सीडीच्या मध्ये जिलेटिन पेपर धरा. कोणते रंग मंदावले ते लगेच कळेल. हा प्रयोग सूर्यप्रकाशात मात्र करू नका.

मग स्वस्तात काय करता येईल?

1. दिवाच बदला. 2700 च्या जागी 6500 चा दिवा लावला, तर उजेड वाया न घालवता टाकी निळसर दिसते.

2. पार्श्वभूमी बदला. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा निळा कार्डपेपर लावा. प्रकाश तोच राहतो, त्यामुळे पाणवनस्पतींचं काही कमी होत नाही आणि माशांचे रंग उठून दिसतात.

3. निळा रंग मिसळा. पांढरा दिवा तसाच ठेवून शेजारी 12 व्होल्टची, पाण्यापासून सुरक्षित अशी निळी एलईडी पट्टी लावा. इथे आपण काढत नाही, भर घालतो. म्हणून लाल पट्टा लालच राहतो.

4. उलट, उबदार तपकिरी छटा हवी असेल तर देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाका. परदेशात मत्स्यालयाच्या दुकानांत ती विकत मिळतात. भारतात औषध न फवारलेल्या झाडाखाली पडलेली पानं धुऊन वापरा. त्यातल्या टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि निळा प्रकाश शोषतं. म्हणजे पाणीच गाळणी बनतं! निऑन टेट्रा मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले. तिथल्या अनेक ओढ्यांचं पाणी असंच गडद असतं. एक-दोन पानांपासून सुरुवात करा, कारण टॅनिनमुळे पाणी थोडं आम्लधर्मी होऊ शकतं.

काही पथ्यं पाळाच. हॅलोजनसारख्या तापणाऱ्या दिव्यावर कागद अजिबात लावू नका, आग लागू शकते. एलईडीवरही उष्णता बाहेर जायच्या जागा झाकू नका. दिव्याची वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच ठिबकेल. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा.

आणि रात्री निळा दिवासुद्धा बंद करा. आपल्या टाकीतल्या माशांना पापण्या नसतात, त्यांना डोळे मिटून घेता येत नाहीत. त्यांचा अंधार आपल्या हातातल्या बटणावर अवलंबून आहे.

तेव्हा पुढच्या वेळी टाकीचा रंग बदलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी प्रकाशात रंग घालतोय, की काढतोय?