अबोल मूल उद्धट नसते



काही मुले प्रश्न विचारला असता गप्प राहतात किंवा भलतेच उत्तर देतात. सवंगडी त्यांना खेळात घेत नाहीत. अशा मुलास आपण सहज 'हट्टी', 'घुमे' किंवा 'उद्धट' म्हणतो. पुष्कळदा याचे मूळ स्वभावात नसून भाषेत असते.

श्रवणदोष वा बौद्धिक अक्षमता यांसारखे कारण नसतानाही काही मुलांना भाषा समजणे व वापरणे जड जाते. २०१७ साली तज्ज्ञांनी यासाठी 'विकासात्मक भाषादोष' या अर्थाचे नाव सुचविले. अमेरिका व इंग्लंड येथील पाहण्यांत शालेय जीवनाच्या आरंभी शंभरातील सुमारे ७ मुलांत तो आढळला.

संभाषण म्हणजे केवळ शब्दांची जुळणी नव्हे. आपली पाळी ओळखणे, विषयास धरून बोलणे, न समजल्यास पुन्हा विचारणे, हे सारे क्षणात साधावे लागते. या मुलाचे वाक्य मनात तयार होईपर्यंत इतरांचा विषय पुढे गेलेला असतो. 'पोटात कावळे ओरडताहेत' हे ते शब्दशः घेते. कप फुटल्यावर आई रागाने 'वा, छान केलेस!' म्हणाली, तर ते शाबासकी समजून हसते, आणि वर मार खाते.

आपण काय करावे?

१. एका वेळी एकच सूचना, लहान वाक्यात द्यावी व उत्तरासाठी थांबावे.

२. चुकीस हसू नये. मूल 'काल मी जातो' म्हणाले, तर 'हो, काल तू गेलास' असे सहज म्हणावे.

३. 'मला समजले नाही, पुन्हा सांगा', 'मीही खेळू का?' अशा वाक्यांचा घरी सराव करून घ्यावा. आरंभी एकाच समंजस सोबत्याबरोबर खेळू द्यावे.

परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांनी मुलाशी मराठी बोलणे सोडू नये. अनेक भाषा कानी पडल्याने हा दोष उद्भवत नाही. दोष असल्यास तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो; म्हणून तपासणीच्या वेळी घरच्या भाषेची माहिती अवश्य द्यावी.

प्रथम श्रवणतपासणी करावी, मग वाचा-भाषा उपचारतज्ज्ञास भेटावे. स्वमग्नतेतही अशी काही लक्षणे दिसतात, तेव्हा निदान तज्ज्ञांवरच सोपवावे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथे अशी सोय आहे. 'मोठेपणी बोलेल' म्हणत वर्षे दवडू नयेत. तेवढ्या काळात मूल एकटे पडते.