चौघांनी उचललेली बाज

आजचे वाचन : मार्क 2:1-12



कफर्णहूममधली ही गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. घरात प्रभु येशू वचन सांगत आहे, दाराशी पाय ठेवायला जागा नाही आणि चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारातून आत जाता येत नाही म्हणून ते छपरावर चढतात. तिकडची छपरे सपाट, फांद्या आणि मातीची. आपल्या खानदेशातल्या धाब्याच्या घरांसारखी. ते छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात.

आज दोन प्रश्नांवर थांबू या.

वाट कोणी अडवली?

गर्दीने. आणि ती गर्दी वाईट लोकांची नव्हती, वचन ऐकायला आलेल्यांची होती. फक्त त्यांची तोंडे आत होती आणि आजाऱ्याकडे पाठ होती.

आता आपला मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. सकाळी फुलांवर लिहिलेली वचने, दुपारी फॉरवर्ड, रात्री आशीर्वाद. सगळे चांगलेच. पण त्यातच कोणीतरी लिहिलेले असते, "आज पाऊल उचलत नाहीये, प्रार्थना करा." खाली बारा वेळा हात जोडलेले चित्र येते, मग पुढचा फॉरवर्ड. तो माणूस दाराबाहेरच राहतो.

विश्वास कोणाचा?

पाचव्या वचनात मार्क सांगतो की प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. शब्द अनेकवचनी आहे. आजारी माणूसही त्यात असेल, पण भार त्याच्या एकट्यावर टाकलेला नाही. दीर्घ आजाराच्या माणसाला आपण सहज म्हणून जातो, "विश्वास ठेवा, बरे व्हाल." वर्षानुवर्षे बरे न होणाऱ्याला त्यातून एवढेच ऐकू येते की माझाच विश्वास कमी पडला. दुखण्याला दोषाची जोड मिळते. हा भाग मात्र सांगतो की ज्या दिवशी आजाऱ्यात बळ नसते, त्या दिवशी इतरांनी त्याला उचलायचे असते.

पार्किन्सनचे उदाहरण घेऊ. यात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतात, हालचाल मंदावते, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. लोकांना वाटते हा रागावलाय, आणि माणूस हळूहळू घरात कोंडला जातो. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले. आजही तो मुळापासून बरा करणारे औषध नाही. म्हणजे बाज एकदा उचलून भागत नाही, रोज उचलावी लागते.

पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ हेच करत आले आहे. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे एकत्र येऊन चालवलेला हा स्वमदत गट. नाशिकहून पुणे सुमारे 200 किलोमीटर. थरथरत्या शरीराने सभेला जाऊन यायचे म्हणजे परीक्षाच. कोरोनाच्या काळात सभा ऑनलाइन आल्या आणि दार नसलेल्या ठिकाणी छपरातून वाट निघाली. जे घराबाहेर पडू शकत नव्हते, तेही आत आले.

डिझायनर मिलेहा सोनेजी यांचे टेड भाषणही असेच दूरवर पोचले. पार्किन्सन झालेले त्यांचे एक नातेवाईक सपाट जमिनीवर अडखळत, पण जिना सहज चढत. हे पाहून त्यांनी जमिनीवर जिन्याचा भास होणारे चित्र पसरले आणि पाऊल उचलू लागले. आधी नीट पाहिले, मग सर्वांना सांगितले. चौघांनीही आधी छप्पर नीट पाहिलेच असणार!

आचरणासाठी

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ग्रुप बनवायला दोन मिनिटे लागतात, बाज उचलायला माणसे लागतात. म्हणून एका आजाऱ्यामागे चौघे ठरवा. आठवड्यातून एकाने तरी फोन करायचा. टाइप करणे जड जात असेल तर त्यांना बोलून मेसेज पाठवू द्या, आणि उत्तराला उशीर झाला तर थांबा. त्यांची बोटे हळू चालतात, मन नाही.

चमत्कारी काढ्यांचे फॉरवर्ड टाकू नका. पार्किन्सनचे औषध अचानक बंद केले तर जिवावर बेतू शकते. बदल डॉक्टरांनीच करायचा. प्रार्थनेच्या नावाखाली कोणाचे रिपोर्ट किंवा फोटो त्यांना न विचारता पाठवू नका.

आणि काळजी घेणाऱ्या पत्नीला, मुलाला, सुनेलाही विचारा, "तुम्ही कसे आहात?" बाजेचा एक कोपरा ते कधीपासून एकटेच धरून आहेत.

प्रार्थना

प्रभु येशू, वचन ऐकताना आमची पाठ कोणाकडे आहे ते आम्हांला दाखव. जे थकले आहेत त्यांच्या वाटचा विश्वास आज आम्हांला धरू दे. आमच्या हातातला फोन कोणासाठी तरी छपरातली वाट होऊ दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.