मयासुर आणि आसुरी संपत्ती

'असुर' हा शब्द कानी पडताच अक्राळविक्राळ देह व रक्ताने माखलेले हात दृष्टीपुढे उभे राहतात. परंतु महाभारत व श्रीमद्भगवद्गीता यांचा एकत्र विचार केला असता असुरत्व देहात नसून स्वभावात आहे, असे दिसून येते. मयासुराचे चरित्र या दृष्टीने चिंतनीय आहे.

प्रथम कुळाचा विचार. कश्यपाला अदितीपासून झाले ते आदित्य, दितीपासून झाले ते दैत्य आणि दनूपासून झाले ते दानव. म्हणजे देव आणि असुर एकाच पित्याची संतती होत. इतकेच नव्हे, तर दानवराज वृषपर्वा याची कन्या शर्मिष्ठा हिला ययातीपासून पूरू हा पुत्र झाला व त्याच्याच वंशात पुढे कौरव-पांडव जन्मले. तेव्हा दानवकुळाशी दुर्योधनाचे जितके नाते, तितकेच युधिष्ठिराचेही.

आता मयाचे आचरण पाहावे. खांडववन जळत असता तो जीव घेऊन पळाला. अग्नी मागे लागलेला, श्रीकृष्ण भगवंतांनी चक्र उचललेले; अशा वेळी तो अर्जुनास शरण गेला. अर्जुनाने अभय देताच भगवंतांनीही त्याच्या वधाची इच्छा सोडली. पुढे मय उपकार फेडण्यास आला. अर्जुनाने मोबदला नाकारला, तरी त्याने आग्रह सोडला नाही. अखेर श्रीकृष्णांनी युधिष्ठिरासाठी सभा बांधण्याची आज्ञा केली. मयाने बिंदुसरोवराहून वृषपर्व्याची सामग्री आणली, भीमास गदा व अर्जुनास देवदत्त शंख दिला, आणि १४ महिन्यांत ती अद्वितीय सभा उभी केली. शरणागती, कृतज्ञता व आज्ञापालन हे तिन्ही गुण या दानवाच्या ठिकाणी दिसतात.

त्याच सभेत क्षत्रियकुलोत्पन्न दुर्योधन आला. स्फटिकाच्या भूमीला त्याने पाणी मानले, पाण्याला भूमी मानून त्यात पडला. लोक हसले. ती वास्तू बांधणाऱ्याचे कौशल्य त्याला दिसले नाही. दिसले ते केवळ दुसऱ्याचे वैभव आणि आपला अपमान. त्या मत्सरातूनच द्यूत झाले आणि द्यूतातून कुळाचा नाश. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोर वाणी व अज्ञान ही आसुरी संपत्ती सांगितली आहे. ती सभा बांधणाऱ्या असुरापाशी नव्हती. ती सभा पाहावयास आलेल्या राजपुत्रापाशी होती.

येथे कोणी अशी शंका घेईल की, दुर्योधन हा कलीचा अंश होता असे महाभारतच सांगते. मग त्याचा दोष जन्माचाच नव्हे काय? याचे समाधान गीतेतच आहे. काम, क्रोध व लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगून भगवंत लगेच त्यांचा त्याग करण्याची आज्ञा देतात, आणि त्यांतून सुटलेला पुरुष आपले श्रेय साधतो असेही म्हणतात. स्वभाव जन्मानेच अटळ ठरला असता, तर त्यागाची आज्ञा व्यर्थ झाली असती. ज्याला सोडता येते त्यालाच 'सोड' म्हटले जाते. दुर्योधनाला विदुराने समजाविले, भीष्मांनी समजाविले, स्वतः श्रीकृष्ण भगवंतांनी शिष्टाई केली. ऐकण्याची संधी त्याला वारंवार मिळाली. त्याने ती वारंवार नाकारली.

या विवेचनाचा साधकाने घ्यावयाचा बोध असा की, दुसऱ्याचे कुळ पाहून त्याला हीन लेखणे हाच दर्प होय, आणि दर्प ही आसुरी संपत्तीच आहे. दुसऱ्यातील असुर शोधीत बसणाऱ्याच्या अंतरीच तो नकळत वाढत असतो. भिक्षेस गेलेल्या संन्याशाला कोणी कठोर बोलले, किंवा गृहस्थ वासनिकाला शेजाऱ्याची भरभराट दिसली, म्हणजे त्या क्षणी मनात काय उठते ते पाहावे. मयाची सभा प्रत्येकाच्या वाटेत असते. तेथे कोणी पाय घसरून पडला, तरी उठताना त्याने क्रोध बरोबर घेऊ नये.